जुने गेम डाउनलोड करून कॅफेत लावले तर चालतंय का? (मुस्तफा, कॉन्ट्रा वगैरे)

पेठेतला_पोरगा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. जरा लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा.

राजारामपुरीत एक गाळा भाड्यानं मिळालाय, कॅफे काढतोय. कॉफी, सँडविच, मॅगी असलं. मिसळ नाही, कोल्हापुरात मिसळीच्या धंद्यात नवीन माणसानं पडू नये एवढी अक्कल आहे. वेगळं काहीतरी पाहिजे म्हणून एका कोपऱ्यात दोन जुन्या पार्लरसारखे उभे गेमचे डबे ठेवायचं ठरवलंय. डबे प्लायवूडचे करून झालेत, जॉयस्टिक बटणं बसवलीत, आत रास्पबेरी पाय हा बारका कॉम्प्युटर आहे, त्यावर एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम: पार्लरच्या गेमसाठी मेम आणि टीव्ही गेमसाठी दुसरा. गेम एका दोस्तानं पेन ड्राइव्हवर दिलेत, कुठून आणले ते त्यालाच माहीत, पण मुस्तफापासून कॉन्ट्रापर्यंत सगळं गच्च भरलंय. अर्ध्या तासाला ५० रुपये घ्यायचे असा विचार आहे.

आता घरात वाद लागलाय. धाकटी बहीण म्हणते दादा ही सरळ सरळ चोरी आहे, लोकांनी केलेल्या गेमवर तू पैसे कमवणार. बाबा म्हणतात तीस वर्षांपूर्वीचा गेम, जपानमधनं कोण येतंय राजारामपुरीत बघायला. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय आणि त्यामुळंच झोप उडालीय. पकडले जाऊ का नाही हा एक प्रश्न, आणि मुळात हे करणं बरोबर आहे का हा दुसरा. दोन्हीवर बोला.

तांबडापांढरा

काढ भावा काढ, पहिलं गिऱ्हाईक मी. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट पार्लरात, रुपयाचं नाणं मशीनवर नंबर म्हणून ठेवायचं आणि पुढच्याचं कधी संपतंय याची वाट बघत त्याला चुकीचे सल्ले द्यायचे. चार जणांतला एक निवडायचा असायचा पण जॅक आणि हॅना कुणाला नको असायचे, सगळ्यांना मुस्तफाच पाहिजे, पळत येऊन लाथ घालायला. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोपर्यंत गेमचं नाव मुस्तफाच.

कायद्याचं काही माहीत नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अ‍ॅड_काळाकोट

दोन प्रश्न वेगळे ठेवलेत ते बरं केलंत, बहुतेक जण त्यांची खिचडी करतात. कायद्याचं मी सांगतो. फी घेतलेली नाही त्यामुळे याला सल्ला समजू नका, गप्पा समजा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. गेम म्हणजे प्रोग्राम, वर त्यातली चित्रं आणि संगीत यांचे हक्क वेगळे. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९८५ चा मारिओ काय किंवा १९९३ चा तुमचा मुस्तफा काय, जुना झाला म्हणून मोकळा झाला असं आपल्या हयातीत होणार नाही. कंपनी जपानची आहे म्हणूनही सुटका नाही, परदेशी कृतींना इथं तेच संरक्षण मिळतं.

एमुलेटरचं मात्र वेगळं. दुसऱ्याचं मशीन कसं चालतं याचा अभ्यास करून स्वतःचा कोड लिहिला तर तो गुन्हा नाही. अमेरिकेत सोनीनं कनेक्टिक्स नावाच्या कंपनीला प्लेस्टेशनच्या एमुलेटरवरून कोर्टात खेचलं होतं, २००० साली अपील कोर्टानं कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला. (पुढे सोनीनं तो एमुलेटरच विकत घेतला आणि २००१ मध्ये बंद करून टाकला, ती गंमत वेगळी.) आपल्याकडेही कलम ५२ मध्ये प्रोग्रामचा अभ्यास, चाचणी, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेणं याला मुभा आहे. त्याच कलमात तुमच्याकडे कायदेशीर प्रत असेल तर तिची बॅकअप कॉपी आणि स्वतःच्या बिगरधंदेवाईक वापरासाठी कॉपी करायलाही परवानगी आहे.

पेन ड्राइव्ह यातल्या कशातच बसत नाही. कलम ६३ब म्हणतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. त्यालाच जोडून सवलत आहे: वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं आणि दंडही ५० हजारांच्या आत ठेवू शकतं. घरी बसून खेळणारा आणि अर्ध्या तासाला ५० रुपये घेणारा, कायदा या दोघांत स्पष्ट फरक करतो. तुम्ही दुसरे आहात.

आणि कुणीतरी येऊन सांगेलच म्हणून आधीच लिहितो, २४ तासांत डिलीट केलं तर चालतं असा नियम जगात कुठंही नाही.

बिट_बहाद्दर

मी तेच लिहायला आलो होतो २४ तासांचं :D जाऊ दे.

पण वकीलसाहेब, कायदा सांगितलात, आता वस्तुस्थिती बघा की. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास केला, २०१० च्या आधी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. म्हणजे माणूस पैसे हातात घेऊन उभा आहे आणि दुकानदार म्हणतोय विकायचं नाही, फुकट पण द्यायचं नाही आणि तू दुसरीकडनं घेतलास तर केस टाकतो. ३डीएस आणि वी यू या आपल्या गेम मशिनचं ऑनलाइन दुकान निन्टेन्डोनं मार्च २०२३ मध्ये बंद केलं, तिथं फक्त डाउनलोडवर मिळणारे गेम होते ते गेले. लायब्ररीवाल्यांनी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसकडं मागितलं की संशोधकांना आमच्याकडचे जुने गेम घरबसल्या बघायला देऊ द्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये तेही नाकारलं.

आपल्यातलं उदाहरण द्यायचं तर क्रिकेट ०७. ईए कंपनीनं ती मालिकाच सोडून दिली, विकत घ्यायची सोय नाही, आणि आजपण प्रत्येक हॉस्टेलमध्ये नवीन टीमा नवीन जर्सी घालून पोरं तोच खेळतायत, ते सगळे पॅच पोरांनीच फुकट बनवलेले. कंपनीनं टाकून दिलेला गेम लोकांनी जगवला. यात चोर कोण?

माझ्या मते पाच वर्षं बाजारात नसेल तर गेम सगळ्यांचा. बिनधास्त लाव.

सायली_राजारामपुरी

मी गेम बनवते. नोकरी पुण्यात, घर राजारामपुरी सातव्या गल्लीत, त्यामुळे या धाग्यात मला दोन्हीकडनं लागतंय.

बिट_बहाद्दर, पाच वर्षं हा आकडा कुठनं काढला? आम्ही चार जणांनी मोबाइलसाठी एक कोड्यांचा गेम केला होता, बाहेर आला त्याच आठवड्यात त्याची फुकट कॉपी टेलिग्रामवर फिरायला लागली, आणि खाली लोक आम्हालाच विचारतायत की तिसरी लेव्हल अडकते, दुरुस्त करून कधी देणार. पुढं तो गेम आम्ही स्टोअरवरनं काढला कारण प्रत्येक नव्या अँड्रॉइडसाठी त्याच्यावर काम करायला पैसे नव्हते. म्हणजे तुझ्या हिशोबानं आता काही वर्षांत तो सगळ्यांचा. बाजारात नाही याचं कारण दर वेळी कंपनीचा माजच असतो असं नाही, कधी कधी लोकांनी विकत घेतला नाही हेच कारण असतं.

पण मी लहानपणी काय केलं ते पण सांगतो. घरी लिटल मास्टर होता, काळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. मेनूला समुद्र, उडणारे पक्षी आणि ती एक धून. खरे गेम असायचे पंधरा वीस, बाकी तेच गेम वेगळ्या नावानं, कुठं दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठं उड्या जास्त उंच. ते सगळंच पायरेटेड होतं आणि त्याच्यावर वाढून मी या धंद्यात आलो. कॉलेजात असताना कळलं की मारिओचा अख्खा गेम ४० केबीत बसतो, ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, रंग बदलून वापरलेलं. ते बघितलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचेना. रॉम, म्हणजे गेमच्या चिपमधली फाइल, डाउनलोड केल्याशिवाय ते मला कधी उघडून बघताच आलं नसतं, हे पण खरंच आहे.

त्यामुळे घरी कुणी खेळतंय, शिकतंय, त्याच्या मागं लागायला मी जाणार नाही. कॅफे वेगळा. तिथं तू त्या माणसाच्या कामावर भाडं वसूल करतोयस आणि त्याला एक रुपया नाही. बहिणीचं बरोबर आहे.

उद्यमनगर_फिटर

सायलीताई म्हंत्यात ते बरोबर हाय पर मला एक सांगा, आपल्याकडं ओरिजिनल बघितलंय कुणी? मी पार्लरची मशिनं दुरुस्त करायचो, कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज सगळीकडं फिरलोय. दहातली नऊ कार्डं, म्हंजे मशिनीतली गेमची सर्किटं, बूटलेग, डुप्लिकेट. चिपवरचा नंबर खरवडून काढलेला, वायरी वरनं जोडलेल्या. मालकालाबी म्हाईत नसायचं ओरिजिनल म्हंजे काय. पार्लरवाल्यानं पैसं कमावलं, कार्ड इकणाऱ्यानं कमावलं, आन आता तीस वर्सांनी ह्या पोराच्या ५० रुपयावर समदी तुटून पडलीत.

आता रॉम डाउनलोड करण्याचा मला काय उपेग झाला ते सांगतो. एक बंद पडलेलं पार्लर, मालक वारला, पोरगं म्हणालं भंगारात घालतोय, यायचं तर या. फायनल फाइटचं कार्ड, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेलं. असल्या कार्डावर ईप्रॉम असत्यात, चिपच्या मधोमध काचेची बारकी खिडकी असती, तिच्यातनं अल्ट्राव्हायोलेट उजेड घातला की चिप पुसून निघती. म्हणून त्या खिडकीवर कागदाचा स्टिकर लावत्यात. ह्या कार्डावरचा डिंक सुकून दोन स्टिकर गळून पडलेलं. मशिन लावलं तर गडी दिसत्यात पर निम्म्या अंगावर चौकड्या चौकड्या. एक एक चिप काढली, चिप वाचायच्या मशिनवर वाचली, आन मेमच्या यादीसंगं चेकसम, म्हंजे आतल्या डेटाचा ओळखीचा नंबर, ताडून बघितला. मेमवाल्यांनी प्रत्येक चिपचा चेकसम लिहून ठेवलाय, आन नुसत्या ओरिजिनलचा न्हाई, बूटलेग सेट पण येगळं लिहून ठेवल्यात, आमचा सेट त्यात घावला! एकच चिप चुकत हुती. तेवढी फाइल इंटरनेटवरनं उतरवली, नव्या चिपमदी भरली, बसवली, मशिन सुरू. गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीला फोन लावून हे झालं असतं का? त्यांनी म्हटलं असतं हे कार्ड आमचं न्हाईच.

आन कॅपकॉमच्या पुढच्या पिढीच्या कार्डात, सीपीएस टू म्हंत्यात त्याला, आत बॅटरी असती. बॅटरी मेली की गेम उघडायची किल्ली पुसती, कार्ड मेलं. कॉपी हू ने म्हणून कंपनीनंच केलेली सोय. ज्यांनी ती तोडली त्यांच्यामुळं आज ती कार्डं जित्ती हायत.

तांबडापांढरा

फिटरमामा नादखुळा! पोस्ट जपून ठेवली.

अ‍ॅड_काळाकोट

फिटरसाहेब, वाचून मजा आली. पण तुमच्याच मुद्द्यातून धागाकर्त्याची एक पळवाट बंद होते. स्वतःच्या कॅसेटची कॉपी करायला कायदा परवानगी देतो, पण ती कॅसेट कायदेशीर मिळवलेली पाहिजे. ९९९९९९९ इन १ माळ्यावरून शोधून काढली आणि 'ही बघा माझी प्रत' म्हणून दाखवली तर उपयोग शून्य. बूटलेगची बॅकअप कॉपीही बूटलेगच. आपल्या पिढीतल्या जवळपास कुणाकडेच दाखवायला कायदेशीर प्रत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक बिगरधंदेवाईक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत करायची मुभा दिली आहे, पण अट अशी की मूळची बिगर-डिजिटल प्रत त्यांच्याकडे हवी. हे पुस्तकं डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय. गेमची कॅसेट मुळातच डिजिटल, म्हणजे जतन करणाऱ्यालाही तिथं नीट आधार सापडत नाही. हा दोष कायद्याचा आहे हे मी मान्य करतो.

जुना_प्रेक्षक

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, त्यानं हा धागा दाखवला. मंगळवार पेठेत राहतो, फिल्म सोसायटीच्या कामात बरीच वर्षं घातली, म्हणून लिहावंसं वाटलं.

बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. प्रभातही इथंच १९२९ मध्ये सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. आता त्या मूकपटांतलं बघायला काय मिळतं ते शोधून बघा. भारतभरात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले आणि पूर्ण, अर्धे, तुकडे सगळे धरून तीससुद्धा हाताला लागत नाहीत. ते काही कुणी वैरानं जाळले नाहीत. चित्रपट चालून झाला की रिळाला किंमत नसायची, नायट्रेटची फिल्म म्हणून पेट घ्यायची, चांदी काढायला विकली जायची. ज्याचा हक्क होता त्यालाच ती नको होती. फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ मध्ये, तोवर खेळ संपला होता. आणि जे सांभाळलं होतं त्यातलंही बरंच जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या रिळांना आग लागली त्यात गेलं.

जे उरलं त्यात खाजगी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यातल्या कितीजणांकडे पावती होती? कुणी विचारलंही नाही, मिळालं याचाच आनंद.

त्यामुळे फिटर करतात ते मला तरी पुण्याचं काम वाटतं. पण संग्राहकानं रीळ सांभाळणं आणि त्याचा तिकीट लावून खेळ करणं यात आमच्या वेळीही फरक होता. सोसायटीच्या खेळाला आम्ही वितरकाचं पत्र आल्याशिवाय पडदा लावला नाही. कधी कधी पत्र यायला सहा महिने लागायचे. थांबायचो.

बिट_बहाद्दर

आजोबा, हे माहीत नव्हतं, आणि हे मला माझ्याच बाजूचं वाटतंय :)

बाकी कंपन्यांचं नीतिमत्तेचं प्रवचन मला ऐकवू नका. ज्या सोनीनं एमुलेटरवाल्यांना कोर्टात फिरवलं त्याच सोनीनं २०१८ मध्ये छोटा प्लेस्टेशन क्लासिक काढला तेव्हा आत घातला काय, तर लोकांनी फुकट लिहिलेला ओपन सोर्स एमुलेटर. निन्टेन्डोनं वी मशिनवर मारिओ विकला त्या फाइलीत रॉमवाल्यांच्या फॉरमॅटचा हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची खूण, सापडला, म्हणजे आमच्याच साइटवरनं उतरवून आम्हालाच विकला.

आणि रॉकस्टारनं काय केलं? २०२१ मध्ये जीटीएची नवीन ट्रिलॉजी आणताना जुनी व्हाइस सिटी दुकानातनं काढूनच टाकली, नवीन निघाली बगनी भरलेली, लोकांनी बोंबाबोंब केल्यावर जुनी परत ठेवली. ज्याच्याकडं डाउनलोड केलेली होती त्याला काही फरक पडला नाही.

सायली_राजारामपुरी

सोनीचं बरोबर, पण तो एमुलेटर ज्या लायसन्सवर आहे त्यात कुणीही अटी पाळून वापरू शकतं, सोनीनं नाव देऊन वापरला. ती चोरी नाही, उलट एमुलेटर वैध आहे याची कबुलीच झाली. हेडरचं अर्धवट सांगतोयस. हेडर सापडला हे खरं, त्यावरनं डाउनलोड केला हे सिद्ध होत नाही, स्वतःची कॅसेट वाचून पण त्या फॉरमॅटमध्ये ठेवता येते.

आणि सरसकट 'कंपन्या' म्हणू नकोस. २०१८ मध्ये निन्टेन्डोनं रॉमच्या दोन साइटवर दावा लावला, १.२ कोटी डॉलरचा निकाल लागला. त्याच सुमारास इम्यूपॅरडाइजनं स्वतःहून रॉम काढून टाकले. ती साइट सुरू करणाऱ्यानं लिहिलं होतं की भारतात वाढताना हे गेम कधी खेळायलाच मिळाले नाहीत म्हणून २००० साली साइट काढली. ते वाचून मला लई वाईट वाटलं होतं. पण २०२४ मध्ये युझू या निन्टेन्डो स्विचच्या एमुलेटरवर दावा लागला तेव्हा नाही वाटलं, स्विच त्या वेळी दुकानात होता, नवीन झेल्डा गेम बाहेर पडायच्या आधीच लोक एमुलेटरवर खेळत होते आणि युझूवाले महिन्याला वर्गणी घेत होते. २४ लाख डॉलर भरून मिटवलं. दोन्हीला एकाच मापानं कसं मोजायचं?

तांबडापांढरा

स्विच आपल्याकडं मिळायचा कुठं पण? वर्षानुवर्षं आयातवाल्याकडनं डबल भावात. वॉरंटी म्हणजे देवावर भरवसा.

सायली_राजारामपुरी

ते आहेच. महाग आहे आणि सहज मिळत नाही म्हणून मला राग येतो, रागावर माझं काही म्हणणं नाही.

पेठेतला_पोरगा

बाप रे, दोन दिवस दुकानाच्या वायरिंगच्या मागं होतो, इथं पानिपत झालंय. सगळ्यांचं वाचलं. आजोबांचं 'पत्र आल्याशिवाय पडदा लावला नाही' हे घरात वाचून दाखवलं, बाबा गप्प बसले, बहीण जिंकल्यासारखी फिरतेय.

मग आता असं केलं तर? पेन ड्राइव्ह बाजूला. कॅपकॉमनं २०१८ मध्ये जुन्या मारामारीच्या गेमचा बंडल काढलाय, त्यात फायनल फाइट, कॅप्टन कमांडो आहेत, स्टीम या ऑनलाइन दुकानातनं विकत घेतो. आयजीआय हा जुना गेम पण जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. पैसे भरून, बिल घेऊन. मग तर कुणाची हरकत नाही?

(मुस्तफा त्या बंडलमध्ये नाही, बघितलं. नशीब माझं.)

तांबडापांढरा

मुस्तफाशिवाय रेट्रो म्हणजे रश्श्याशिवाय ताट.

अ‍ॅड_काळाकोट

मुस्तफा नसण्याचं कारण उघड आहे. ती पात्रं कॅपकॉमची नाहीतच, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधली आहेत. असे गेम पुन्हा काढायचे तर दोन दोन ठिकाणी परवानग्या लागतात, त्यामुळे ते पहिले लटकतात.

तुमच्या नव्या प्लॅनबद्दल वाईट बातमी. स्टीमवर तुम्ही गेम विकत घेता म्हणजे स्वतः खेळण्याचं लायसन्स घेता. अटी उघडून वाचा, वैयक्तिक आणि बिगरधंदेवाईक वापर असंच लिहिलेलं असतं. दुकानात लावून तासावर पैसे घेणं त्यात बसत नाही. फरक एवढाच पडतो की गेम करणाऱ्याला निदान एका प्रतीचे पैसे पोचले. नीतीच्या दृष्टीनं मोठा फरक आहे, कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अजून अटींच्या बाहेरच आहात.

पेठेतला_पोरगा

म्हणजे पैसे देऊन पण चोर? मग माणसानं करायचं काय, कॅपकॉमच्या ओसाकाच्या ऑफिसात वडापाव घेऊन जाऊ?

उद्यमनगर_फिटर

ह्यामुळंच लोकं डाउनलोड करत्यात बगा. सरळ रस्त्यानं जाणाऱ्याला रस्ताच ठेवलेला न्हाई.

सायली_राजारामपुरी

रस्ता आहे, पण मोठ्या कंपनीच्या दारातनं जात नाही. जुन्या मशिनसाठी आज नवीन गेम बनवणारे लोक आहेत. मायक्रो मेजेस म्हणून एक आहे, २०१९ चा, खास त्या जुन्या निन्टेन्डोसाठी लिहिलेला, तोही ४० केबीतच बसवलाय. चार जण एकत्र खेळू शकतात, तुझ्या डब्याला एकदम फिट. छोटी टीम आहे. असल्या लोकांना सरळ मेल टाकायचा: कोल्हापुरात कॅफे आहे, दोन मशिन आहेत, महिन्याला इतके देऊ शकतो, परवानगी देता का. मोठी कंपनी उत्तर पण देणार नाही, हे लोक देतात. आम्हाला कुणी असं विचारलं असतं तर आम्ही नाचलो असतो.

आणि डब्यात एक मशिन असं ठेव की ज्याच्यावर पुण्या-कोल्हापुरातल्या पोरांनी केलेले गेम चालतील. मी देते माझा तो कोड्यांचा, जॉयस्टिकवर चालेल असा करून. फुकट नाही, महिन्याला एक कॉफी.

बिट_बहाद्दर

छान छान. आणि लोक येऊन विचारणार मुस्तफा आहे का. मग?

तुम्ही सगळे ज्याला वाचवायचं म्हणताय त्या गेमचं काय, तो घरी लपूनच खेळायचा का कायम?

जुना_प्रेक्षक

हो, सध्या तरी. आणि खेळता येतोय एवढ्यासाठी फिटरांसारख्यांना धरून राहायचं. सगळ्याच गोष्टींचा लगेच धंदा झाला पाहिजे असं थोडंच आहे.

अ‍ॅड_काळाकोट

बिट_बहाद्दर यांच्यासाठी: कायद्याच्या कलम ३१ मध्ये सोय आहे की एखादी कृती हक्कदारानं लोकांपासून अडवून धरली असेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. गेमसाठी कुणी मागून बघितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कंबर कसणार असाल तर अर्ज मी फुकट लिहून देतो, हे जाहीर बोलतोय.

बिट_बहाद्दर

मला कोर्टाच्या पायऱ्या चढवायचा डाव आहे हा :D बघू. क्रिकेट ०७ साठी विचार करतो, खोटं नाही.

पेठेतला_पोरगा

ठरलं असं: अर्ध्या तासाचे ५० रुपये रद्द. पेन ड्राइव्ह घरी, घरातल्या टीव्हीवर मी खेळणार, त्याबद्दल बहिणीशी वाद चालू राहील, तो काय मिटत नाही. एका डब्यात मायक्रो मेजेस आणि असले नवे जुन्या धाटणीचे गेम, पण परवानगी आल्यावरच. दोघांना काल रात्री मेल टाकलेत, इंग्रजी बहिणीनं तपासलं. दुसऱ्या डब्यात सायलीचा गेम आणि अजून कुणी स्थानिक पोरं असतील तर त्यांचे. त्याचे पैसे घेणार आणि निम्मे त्यांना देणार, रोख. उद्घाटनाची तारीख मेलची उत्तरं आली की टाकतो.

फिटरमामा, ते फायनल फाइटचं कार्ड नुसतं बघायला म्हणून काउंटरवर काचेत ठेवू देता का? चालू नाही करणार.

उद्यमनगर_फिटर

काचेत कशाला, चालू करून ठिव की, पर पैसं घेऊ नगंस. आन तुझी बटणं मी बघितली फोटोत, चायनाची हायत, म्हैन्यात बसत्यात. शनवारी दुकानावर ये, जुन्या पार्लरची पोतंभर हायत माझ्याकडं, स्विच बदलून देतो. येताना डब्याचं माप घिऊन ये, मागच्या टायमाला एकानं अंदाजे सांगितलं आन भोकं मोठी पडली.